तलावात जागा पाहा, समुद्रात टाइम पाहा

आपल्या भंडारा-गोंदियाकडे गाव तिथे तलाव, त्यामुळे गरी टाकणं कोणाला शिकवावं लागत नाही. मरळ कोणत्या काठाला गवतात दबून बसते, उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिखलात कशी तग धरते, हे पाचवी-सहावीतलं पोट्टंही सांगते. पण हेच पोट्टे मोठे होऊन पुण्या-मुंबईला कंपनीत लागले, सुटी मिळाली की अलिबाग नाहीतर मालवण करून राह्यले, ऑनलाइन मागवलेला रॉड सोबत असते, अन् मंग तिकडून फोन येते, "भाऊ, सकाळपासून बसलो ना, एक शेंगटी नाही लागली, या समुद्रात मासोळीच नाही वाट्टे." मासोळी आहे. त्या टायमाला त्या दगडापाशी नाही एवढंच, अन् दोन तासांनी तिथेच येईलही, पण तोवर यानं रॉड गुंडाळलेला असते.

तलावात पाणी उभं राहते, म्हणून आपण जागा शोधतो, अन् एकदा सापडली की ती जागा पुढचे कितीतरी दिवस कामी येते. समुद्रात पाणी दिवसभर जाते अन् येते, त्याच्यासंगं मासोळी जाते अन् येते, म्हणून तिकडे आधी टाइम पाहायचा अन् मंग जागा. बाकी रॉड कोणता, रील कोणती, लूर, म्हणजे गरीला लावायची नकली मासोळी, कोणत्या रंगाची, हे सगळं त्याच्या नंतरचं. म्हणून भरती-ओहोटी नीट समजून घ्या, बाकीचं त्याच्यावरच उभं आहे.

चंद्र पृथ्वीला ओढते हे शाळेत शिकलो आपण. चंद्राच्या बाजूला जे पाणी आहे ते जास्त ओढलं जाते, पृथ्वीच्या पलीकडल्या बाजूचं सगळ्यात कमी, त्यामुळे दोन्ही बाजूला पाणी फुगते, इकडेही अन् तिकडेही. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जाते, म्हणून दिवसातून दोनदा भरती अन् दोनदा ओहोटी. पण तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असते, त्याला गाठायला रोज साधारण ५० मिनिटं जास्त लागतात, म्हणून काल दुपारी ३ ला भरती होती तर आज ती पावणेचारच्या पुढे जाते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं धरा.

सूर्यही ओढते, पण या कामात त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमीच. अमावस्या-पौर्णिमेला दोघंही एका रेषेत येतात, जोर एकत्र होते, पाणी खूप वर चढते अन् खूप खालीही जाते, त्याला किनाऱ्यावरचे लोकं उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी थोडंच चढते-उतरते, ती भांगाची भरती. उधाणाचा खरा जोर अमावस्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवस नंतर दिसते, हे कॅलेंडर पाहताना ध्यानात ठेवा.

आता कोळ्यांचा जुना हिशोब सांगतो, मला तर तो कोणत्याही ॲपपेक्षा आवडते. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, जो आकडा येईल तो पूर्ण भरतीचा टाइम. चतुर्थी असली तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ अन् दुपारी ३ च्या सुमारास भरती. अष्टमीला ६. दशमीला साडेसात. त्यात ६ तास मिळवले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. हा हिशोब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचा आहे, रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते, अन् मिनिटा-मिनिटाचा टाइम पाहिजे असेल तर त्या बंदराचा तक्ताच पाहावा लागते. पण गावात बसून, भिंतीवरचं कॅलेंडर पाहून, पुढच्या महिन्यात अलिबागला कोणत्या तारखेची सुटी टाकायची हे या हिशोबानं ठरवता येते, अन् बुकिंग करायच्या आधीच ठरवा म्हणतो मी, कारण रूम आधी बुक करून मंग भरती पाहणारे जास्त आहेत.

भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या स्पीडनं चढत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन अन् सहाव्यात परत एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत अर्धं पाणी येऊन जाते. ओहोटीलाही असंच. मुंबईकडे उधाणाला भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वरही जाते, वर-खालचा फरक ४ मीटर धरला तर मधल्या दोन तासांत पाणी २ मीटर चढते, माणसाच्या डोक्यावर. म्हणून ओहोटीत चालत-चालत दूरच्या खडकावर जाऊन बसलेले लोकं अडकतात, पहिला तास काहीच झालं नाही म्हणून ते निवांत असतात अन् तिसऱ्या तासाला मागचा रस्ता गेलेला असते. जाताना परतायचा टाइम ठरवूनच जा.

हेच मधले तास मासोळीचे. ओहोटीचं पाणी पळायला लागलं की खाडीतल्या खारफुटीतून बारकी कोलंबी, जवळा, लहान मासे, सगळं पाण्यासंगं वाहत बाहेर येते. मोठी मासोळी त्याच्या मागं धावत नाही, ती खडकाच्या आडोशाला नाहीतर खाडीच्या तोंडाशी जिथं जोराचं पाणी अन् शांत पाणी एकमेकाला लागून असते तिथं उभी राहते, पंगतीत आपण पाटावर बसतो अन् वाढपी स्वतः समोर येते तसं. पाणी थांबलं की वाढणं थांबलं. चढत्या भरतीत उलटं, पाणी कोरड्या खडकांवर चढते, तिथली कालवं अन् खेकडे खायला मासोळी किनाऱ्याजवळ सरकते. म्हणून खाडीच्या तोंडावर उतरतं पाणी धरा, खडकावर चढतं पाणी धरा, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिल्या ट्रिपला पुरेसं आहे.

पाणी थांबलं हे ओळखायचं कसं, तर खाडीतल्या जेट्टीवर जाऊन नांगरलेल्या होड्यांकडे पाहत बसा. ओहोटीचं पाणी जाते तेव्हा सगळ्या होड्यांची तोंडं गावाकडे, दोर ताणलेला, दोराभोवती पाण्याची बारीक घडी पडलेली. मंग हळूहळू दोर सैल होते. घडी मोडते. पाण्यावरचा पाला-कचरा, फेस, एखादी प्लास्टिकची बाटली, जे काही वाहत होतं ते जागच्या जागी उभं राहते. मंग एक होडी तिरपी होते, दुसरी होते, अन् थोड्या वेळात सगळ्यांनी तोंडं समुद्राकडे फिरवलेली, दोर परत ताणलेला. भरती सुरू झाली. हे पाहायला घड्याळ लागत नाही, अन् जेट्टीवरचे म्हातारे कोळी बोलता-बोलता फक्त होड्यांकडे नजर टाकून चहा ठेवून का उठतात ते तेव्हा समजते.

आपल्या आठवडी बाजारात जे सुके बोंबील येतात ना, त्यांचाही याच्याशी संबंध आहे. बोंबील पकडायचं डोल जाळं म्हणजे मोठी लांबलचक पिशवी, ती समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवतात, तोंड पाण्याच्या धारेकडे. होडी जाळं ओढत नाही, भरती-ओहोटीचं पाणीच मासोळी आणून पिशवीत टाकते. म्हणून पाण्याला जोर पाहिजे, म्हणून उधाणाच्या दिवसांत हे काम चालते अन् भांगाच्या दिवसांत मंदावते. हे जाळं पालघर-मुंबईपासून वर गुजरातपर्यंत जास्त चालते, कारण भरतीचा जोर उत्तरेकडे वाढत जाते. गोव्याकडे वर-खालचा फरक २ मीटरच्या आसपास, केरळात एक मीटर नाहीतर त्याहून कमी, अन् खंबातच्या आखातात तोच फरक १० मीटरपर्यंत जाते. त्या जोरानंच तिकडचं पाणी गढूळ राहते, तळाचा गाळ रोज दोनदा ढवळला जाते. सिंधुदुर्गात जोर कमी, तळ खडकाळ, म्हणून हिवाळ्यात तिथं पाणी इतकं नितळ की तळ दिसते. मुंबईच्या गढूळ पाण्यात चकाकणारी लूर फिरवून उपयोग कमी, तिथं वासाचं आमिष पाहिजे, कोलंबी नाहीतर तारलीचा तुकडा. मालवणात लूर चालते कारण मासोळीला ती दिसते.

आता खारटपणाचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. आपला रोहू त्यात सोडला तर मरते, पाण्यातच राहून तहानेनं मरते म्हणा ना, कारण बाहेरचं मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेते. समुद्रातली मासोळी म्हणून सारखं पाणी पित राहते अन् जास्तीचं मीठ गिलातून, म्हणजे कल्ल्यातून, बाहेर टाकते. तलावातल्या मासोळीचं नेमकं उलटं, तिच्या अंगात पाणी आपोआप घुसते, म्हणून ती पाणी पीत नाही अन् सारखी पातळ लघवी करत राहते. फार कमी माशांना दोन्ही जमते, त्यातला एक जिताडा. तो खाऱ्या पाण्यात अंडी घालते, पिल्लं खाडीतून गोड्या पाण्याकडे चढतात, पेण-अलिबागकडे शेतकरी त्याला गोड्या पाण्याच्या तळ्यातही वाढवतात. अन् जिताडा आधी नर असते, मोठा झाल्यावर मादी होते. म्हणून खूप मोठा जिताडा लागला तर ती अंड्यांची मादी असते बहुतेक, फोटो काढा अन् सोडून द्या, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

पावसात खाडीत गोडं पाणी भरते, तेव्हा ज्यांना खारंच पाणी पाहिजे ते मासे बाहेर खोल समुद्रात सरकतात. पाऊस संपला, ऑक्टोबर उजाडला, पाणी परत खारं अन् नितळ व्हायला लागलं की ते जवळ येतात. गरीवाल्यांचा सीझन म्हणून ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र सगळ्यात शांत.

गरमीचं म्हणाल तर आपल्याकडे ब्रह्मपुरी-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते अन् डिसेंबरात रात्री १० च्या खाली येते, पण कोकणाजवळचं समुद्राचं पाणी वर्षभर साधारण २५ ते ३० डिग्रीच्या मधातच फिरते. एवढं अफाट पाणी तापायलाही वेळ लागते अन् थंड व्हायलाही. तरी ते चार-पाच डिग्री मासोळीला कळतात, कारण पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावते. गोड्या पाण्यात २० डिग्रीला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहू शकते, ३० डिग्रीला साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी, ३० डिग्रीला सहाच्या जरा वर. मे महिन्यात आपल्या तलावात पहाटे मासोळी वर येऊन तोंड उघडझाप करते ना, तेच कारण, रात्रभर शेवाळ-वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात अन् पहाटे तो सगळ्यात कमी उरते. समुद्रात मासोळीला खाली जायला जागा आहे, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी ती उथळ पाणी सोडून खोलात जाते. त्या दिवसांत पहाट अन् संध्याकाळ धरा, दुपारी माणसालाही त्या खडकावर बसवत नाही.

वाऱ्याचं सोपं आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते अन् समुद्राकडून वारा येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर थंड होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जाते, ते मतलई वारे. भूगोलाच्या पुस्तकात हे पाठ करून मार्क घेतले आपण, पण शिडाच्या होड्या याच्यावरच चालायच्या, पहाटे मतलईवर बाहेर अन् दुपारी खाऱ्यावर घरी. रॉडवाल्यासाठी याचा अर्थ असा की सकाळी पाणी सपाट अन् गरी दूर जाते, दुपारनंतर वारा तोंडावर येते, दोर पोटासारखा फुगते अन् मासोळी ओढून राहिली की लाट हेच समजत नाही. मार्च ते मे दुपारचा वारा जास्तच जोरात.

पण वारा नाही म्हणून लाटा नाहीत असं समजू नका. हे नीट वाचा, कारण यात जीव जातात. लाटा दोन प्रकारच्या असतात, एक जवळच्या वाऱ्याच्या, बारक्या, चार-पाच सेकंदाला एक येणाऱ्या, त्यांचा आवाज जास्त अन् जोर कमी. दुसऱ्या दूरच्या वादळातून निघालेल्या, अंटार्क्टिकाकडल्या दक्षिण महासागरातून हजारो किलोमीटर चालून येणाऱ्या. त्या पंधरा-अठरा सेकंदाला एक येतात, खोल पाण्यात त्यांचा चढ दिसतही नाही अन् किनाऱ्याजवळ एकदम उभ्या होतात. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, आकाश निरभ्र, वारा बंद अन् समुद्र घरात घुसते. म्हणून खडकावर उतरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं वर उभं राहून फक्त पाहायचं. खडक जिथपर्यंत ओला अन् शेवाळलेला आहे तिथपर्यंत पाणी येते, आता येत नसलं तरी येते. पाठ समुद्राकडे करून फोटो काढायचा नाही. तलावात पोहता येते म्हणून इथं जमेल हा भरवसा धरायचा नाही.

हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, भारताच्या सगळ्या किनाऱ्यांसाठी लाटांची उंची, त्यांच्यातलं सेकंदाचं अंतर अन् अशा लाटांचा इशारा ती रोज देते. तीच संस्था सॅटेलाइटवरून समुद्राचं तापमान अन् पाण्यातलं हिरवेपण पाहून मासोळी कुठं जमायची शक्यता आहे तेही मच्छीमारांना कळवते. हिरवेपण म्हणजे सूक्ष्म शेवाळ, ते खायला बारके जीव, त्यांना खायला तारली-बांगडा, अन् त्याच्या मागं सुरमई. जिथं थंड अन् गरम पाणी एकमेकाला भिडते तिथं ही साखळी जमते. अन् हवामान खात्यानं ताशी ४०-४५ किलोमीटर वाऱ्याचा अंदाज देऊन मच्छीमारांना जाऊ नका म्हटलं, बंदरावर बावटा चढला, तर ज्यांचा जन्म समुद्रात गेला ते होड्या वर ओढतात, आपण तर पाहुणे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते, अन् ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. विदर्भाचं पाणी दोन्ही समुद्रांना जाते. अकोल्या-अमरावतीची पूर्णा तापीला मिळते अन् सुरतपाशी अरबी समुद्रात जाते. आपली वैनगंगा मात्र चपराळ्यापाशी वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याला गोदावरीत जाते अन् आंध्रात बंगालच्या उपसागराला. अशा मोठमोठ्या नद्यांच्या गोड्या पाण्यानं बंगालचा उपसागर वरच्या थरात कमी खारा राहते. हलकं गोडं पाणी वर तरंगते, खालचं खतावलेलं, म्हणजे शेवाळाला लागणारी पोषकद्रव्यं भरलेलं, थंड पाणी वर येऊ देत नाही, म्हणून एवढ्या नद्या मिळूनही तो अरबी समुद्रापेक्षा कमी पिकते. तिकडे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला पावसाळी वारा वरचं पाणी ढकलते अन् खालचं थंड, खताचं पाणी वर येते, तारली-बांगड्याची भरभराट त्याच्यावर.

पण गोदावरीच्या तोंडाशी जुलै-ऑगस्टात वेगळंच होते. पूर येते, तांबडं गोडं पाणी समुद्रात दूरवर जाते, अन् समुद्रातली हिलसा त्या पाण्याच्या दिशेनं अंडी घालायला नदीत चढते. चढलेल्या हिलसाला तिकडे पुलसा म्हणतात अन् एकेक मासोळी हजारो रुपयांत विकली जाते. त्या पुरात गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यावर गेलेलं आपलं पाणीही असते. नदीत वर चढणाऱ्या हिलसाला पुढे धवळेश्वरमचा बंधारा अडवते, त्याच्या वर ती येऊ शकत नाही.

शेवटी बाजारातलं, कारण सगळेच काही रॉड घेऊन जात नाहीत. अंडी घालायच्या दिवसांत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अन् पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, दोन्हीकडे ६१-६१ दिवस. म्हणजे एप्रिल-मेमध्ये ताजा माल मुंबई-गुजरातकडूनच येईल, १५ जूननंतर आंध्राकडून, अन् १ ते १४ जून या दिवसांत दोन्हीकडे बंदी. त्या पंधरवड्यात आठवडी बाजारात कोणी "ताजी सुरमई आहे, घ्या" म्हटलं तर ती बहुतेक बर्फात ठेवलेली आहे हे समजून भाव करा. कल्ले उघडून पाहा, लाल नसून मातकट झाले असतील, डोळा आत गेला असेल, बोटानं दाबल्यावर खड्डा तसाच राहात असेल तर घेऊ नका. तेव्हा आपल्याकडचे तलाव उतरलेले असतात, ढिवर मंडळींच्या सोसायट्या मासोळी काढून राह्यल्या असतात, सकाळी काठावर गेलं तर रोहू उड्या मारताना मिळते.